बाण हलेना ते अकरा दिवस

निवृत्त झाल्यापासून माझ्या दुपारी फार लांब झाल्या आहेत. जेवण झालं की खिडकीशी आडवी होते. डोळा लागतो न लागतो, तोच मिटल्या पापण्यांआड पडद्यावरचा पांढरा बाण दिसायला लागतो, माऊसचा असतो तो. कुणाचाही हात लागलेला नसतो, तरी तो संथपणे सरकत असतो. आमच्या शहरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तीस वर्षं नोकरी केली, त्याची ही शिल्लक असावी. घरचे म्हणतात, आता तरी झोपेत काम करू नकोस. मी नुसतं हं म्हणते आणि कूस बदलते.

आमच्या लॅबमधली सगळी मशीन लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालायची. नोकरी संपली तरी लोकांचे फोन येणं संपलं नाही. जुने विद्यार्थी, शाळांचे मास्तर, छोट्या छापखान्यांचे मालक, कुणाचं काही अडलं की ताईंना बोलवा. मग मी स्कूटीवर बसून जाते. त्यातली निम्मी कामं गेल्या काही वर्षांत एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. तो प्रश्न आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कॉम्प्युटरवर आपण एखादा प्रोग्राम उघडतो तेव्हा तो स्वतः पडद्यावर काहीच काढत नसतो. मध्ये एक व्यवस्था असते, तिला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. कोणती खिडकी कुठं दाखवायची, बाण कुठं आहे, दाबलेलं बटण कोणाला कळवायचं, हे सगळं ती बघते. लिनक्समध्ये अशा दोन व्यवस्था आहेत. जुनी एक्स-इलेव्हन, नवी वेलँड. जुनीत सगळा मोकळा कारभार होता. एक प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू शकायचा, त्याच्या वतीनं अक्षरं टाइप करू शकायचा, बाणही हलवू शकायचा. नवीत प्रत्येकाला फक्त स्वतःपुरतं दिसतं. चोरट्या प्रोग्रामांपासून त्यामुळं बचाव होतो आणि मला ती मनापासून पटते. पण अडचण अशी, की समोर बसलेल्या माणसाला दोन्ही अगदी सारख्याच दिसतात. तेच चित्र, तीच चिन्हं, तोच बाण. डोळ्यांनी बघून फरक कळत नाही, मशीनला विचारावं लागतं. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची आणि सेशनचा प्रकार, म्हणजे दोन्हींपैकी कोणती व्यवस्था चालू आहे ते, विचारणारी एक छोटी ओळ लिहायची. खाली एका शब्दात उत्तर येतं.

क्रांती चौकात वरच्या मजल्यावर गणिताचा क्लास चालवणारे एक सर होते. मशीन नवीन केल्यावर त्यांनी ऑनलाइन तास घेतला. पडदा मुलांना दाखवून चाळीस मिनिटं उदाहरणं सोडवली. नव्या व्यवस्थेत त्यांच्या जुन्या प्रोग्रामला पडदा दिसतच नव्हता, त्यामुळं मुलांना शेवटपर्यंत काळी पाटी दिसली. एकही मूल बोललं नाही. सर मला म्हणाले, मला वाटलं आज सगळ्यांना समजतंय. मी ती ओळ लिहिली, उत्तर वाचलं, पाच मिनिटांत जुनी व्यवस्था लावून दिली. चहा पिऊन जिना उतरताना मला स्वतःचं भलतंच कौतुक वाटत होतं.

आता उत्तम कोळपे यांच्याबद्दल.

कोळपेभाऊ वेरूळचे गाईड. आजोबा मेंढ्या राखायचे, वडीलही. लहानपणी मेंढ्या डोंगराच्या उतारावर सोडून हे लेण्यांपाशी जाऊन बसायचे आणि पर्यटकांच्या मागं मागं फिरत गाईड काय सांगतो ते ऐकायचे. पुढं परवाना काढून स्वतःच गाईड झाले. मराठी, हिंदी, कामापुरतं इंग्रजी. त्यांचं बोलणं ऐकलेली माणसं मला नंतर भेटली. ती सांगायची, की कोळपे आवाज कधी चढवायचे नाहीत. उलट खाली आणायचे, म्हणजे लोक आपोआप जवळ सरकायचे.

पन्नाशीत त्यांना मज्जातंतूंचा आजार झाला. या आजारात मेंदू शाबूत राहतो. हात, पाय, जीभ, गळा मात्र एकामागून एक साथ सोडतात. आधी बोटं गेली, मग बोलणं गेलं. त्यांची लेक आमच्या कॉलेजात शिकलेली, आता लग्न होऊन नाशिकला असते. तिनं मला फोन करून विचारलं, बाबांसाठी काही करता येईल का.

मी एक जुना लॅपटॉप नीट केला. कॅमेऱ्यातून चेहरा बघून बाण हलवणारा एक प्रोग्राम त्यात बसवला. मान जराशी डावीकडं वळली की बाण डावीकडं जातो, वर केली की वर. बाण एका जागी क्षणभर थांबला की क्लिक होतं. पडद्यावर मराठी कळफलक, आणि लिहिलेलं वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज. कोळपेभाऊंना पहिलं वाक्य लिहायला पाऊण तास लागला. दोन महिन्यांत ते पाच मिनिटांत वाक्य लिहायला लागले. घरात काय हवं नको ते सांगायचे, लेकीला पत्रं लिहायचे. आणि रोज सकाळी, लोकांना सांगायचे ते सगळं लेणं त्यांनी लिहून काढायला घेतलं होतं. एकेक लेणं, एकेक खांब.

हे दोन वर्षं चाललं. मग मी ते मशीन नवं करायला गेले.

थंडी नुकती सुरू झाली होती. वेरूळच्या त्या घराच्या मागच्या खोलीत दुपारचं पिवळं ऊन तिरपं आत आलेलं असायचं. त्या दिवशी भाऊ झोपले होते. कौसावहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, दाराशी शेंगा फोडत बसल्या होत्या. लॅपटॉपमधल्या लिनक्सची जुनी आवृत्ती बंद होणार होती म्हणून मी नवी चढवली. सगळं पुन्हा सुरू झालं. मी बोटानं बाण फिरवून पाहिला. कळफलक उघडला, आवाज ऐकला. सगळं झकास. भाऊंना उठवून एकदा मान हलवून बघायला सांगावं असं मनात आलं होतं. पण ते इतके शांत झोपले होते, आणि शहराकडं जाणारी बस पकडायची होती. मी वहिनींना हळूच सांगितलं, झालं काम, आणि निघाले. घाटात बस वळणं घेत होती, काचेवर ऊन आणि सावली आळीपाळीनं येत होती, आणि मी तिथं छान झोपले.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. बाण हलत नाही म्हणाल्या. कॅमेरा पुसा, म्हटलं. खोलीत उजेड ठेवा, मशीन बंद करून परत लावा. त्यांनी सगळं केलं. मग मी विचारलं, भाऊंची मान हलते का. त्या म्हणाल्या, आधीसारखी नाय वाटत.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मला त्या आजाराचं थोडं वाचून माहीत होतं. कधीतरी मानही जाते हे ठाऊक होतं, आणि तो दिवस आला असं मी धरून चालले. स्वतःच्या हातच्या कामावर शंका घेण्यापेक्षा त्यांच्या आजारावर विश्वास ठेवणं मला सोपं गेलं. आज हे लिहिताना लाज वाटते.

त्या घरात पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. भाऊ लॅपटॉपकडं टक लावून बघत राहायचे. वहिनींना वाटलं, उजेडाचा त्रास होतोय. त्यांनी पडद्यावर ओढणी टाकली. भाऊंनी डोळे मिटून, उघडून, काही सांगायचा प्रयत्न केला. पण ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडं डोळ्यांनी काय सांगणार? आणि योग्य प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. पाच-सहा दिवसांनी त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. काही विचारलं तरी पापणी हलेना. घरच्यांना वाटलं, आता मनही थकलं.

त्याच आठवड्यात घास गिळणं अवघड झालं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटात नळी बसवता येईल, त्यातून अन्न देऊ. मात्र रुग्णाला विचारा, त्याची इच्छा महत्त्वाची. शुक्रवारपर्यंत कळवा. सोयगावकडून भाऊंचे थोरले बंधू रंगनाथदादा आले. ते अजून मेंढ्या राखतात, कमी बोलतात. त्यांचं मत पडलं, की ज्याला काही कळत नाही त्याच्या पोटाला भोक पाडून त्याला अजून कशाला छळायचं. वहिनींना हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

बुधवारी त्यांचा मला फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

“ताई, मशीन घिऊन जा. दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला यील. त्यांचं लिहिलेलं तेवढं लेकीला काढून द्या.”

नवी आवृत्ती चढवल्याला त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

मी दुपारी पोचले. तीच खोली, तसंच तिरपं ऊन. पंखा अगदी हळू फिरत होता. भाऊ उशीला टेकून बसवलेले, डोळे मिटलेले, दाढी वाढलेली. रंगनाथदादा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसले होते. पलंगाला लावलेल्या लोखंडी हातावर लॅपटॉप होता तसाच होता, वर फुलाफुलांची ओढणी. मी ती काढली आणि मशीन लावलं. लिखाणाची फाईल पेन ड्राईव्हवर घेत बसले. फाईल मोठी नव्हती, पण मला उठवेना. मी त्यातलं एक पान वाचत राहिले. कैलास लेणं वरून खाली कोरलं आहे, हे सांगणारं पान होतं. आधी कळस, मग छत, मग खांब, सगळ्यात शेवटी पायथा. पान अर्ध्या वाक्यात संपत होतं.

वाचता वाचता मी सहज कॅमेऱ्याच्या प्रोग्रामची छोटी खिडकी मोठी केली. नवं केल्यापासून ती खाली दडलेली होती. तिच्यात भाऊंचा चेहरा दिसत होता, आणि चेहऱ्यावर प्रोग्रामनं काढलेला हिरवा चौकोन. पेन ड्राईव्ह काढल्यावर मशीननं टुणकन आवाज केला. चौकोन डावीकडं सरकला. मग उजवीकडं.

मी मागं वळून पाहिलं. भाऊंनी डोळे उघडले होते आणि ते पडद्याकडं बघत होते. मान हलत होती. थोडीच, एक-दोन बोटं, पण नेहमी हलायची तेवढीच. पडद्यावरचा चौकोन तिच्याबरोबर हलत होता. बाण मात्र मी सोडला होता तिथंच उभा होता.

म्हणजे प्रोग्रामला मान दिसत होती. बाण हलव, असं तो सांगतही होता. ऐकणारं कुणी नव्हतं.

मी काळी खिडकी उघडली, हजार वेळा लिहिलेली ती ओळ लिहिली. खाली शब्द आला, वेलँड. अकरा दिवसांपूर्वी जुन्या व्यवस्थेवर चालणारं मशीन मी नवं केलं आणि ते आपोआप नव्या व्यवस्थेत उघडायला लागलं. नव्या व्यवस्थेत कुणाही प्रोग्रामला परस्पर बाण हलवता येत नाही. माझं बोट बाण हलवू शकत होतं, म्हणून मला सगळं ठीक दिसलं. भाऊंना बोट नव्हतं.

पुढचं काम दोन मिनिटांचं. लॉग आउट केलं. नाव विचारणाऱ्या पानावर, कोपऱ्यात एक छोटं चक्र असतं. या घरात पासवर्डची कटकट नको म्हणून मीच मशीन थेट उघडेल असं करून ठेवलेलं, त्यामुळं ते पान कुणी कधी पाहिलंच नव्हतं. चक्रावर क्लिक केलं, जुनी व्यवस्था निवडली, आत गेले. पुन्हा तीच ओळ लिहिली. एक्स-इलेव्हन. मी बाजूला झाले.

बाण हलला. सुरुवातीला वाट चुकल्यासारखा वर गेला, मग खाली आला आणि कळफलकावर एका अक्षरापाशी थांबला. वहिनी दारात उभ्या होत्या. उन्हाचा पट्टा पलंगावरून भिंतीवर चढला तेवढ्या वेळात वाक्य पुरं झालं, आणि त्या यांत्रिक आवाजानं ते वाचलं.

“मान ठीक आहे.”

आणि थोड्या वेळानं दुसरं.

“डाळ तीन दिवस अळणी.”

वहिनी आत गेल्या आणि मिठाचा डबा घेऊन बाहेर आल्या. तो हातात का घेतला हे त्यांनाही कळलं नसावं. त्या डबा धरून तशाच पलंगाच्या कडेला बसल्या.

रंगनाथदादा उठून भावाच्या समोर आले. त्यांनी आधी टोपी काढली.

“उत्तम, डॉक्टर पोटात नळी घालायची म्हणतो. मी नको म्हणलो व्हतो. तुला कळत नाय असं वाटलं मला. आता तूच सांग.”

बाण निघाला. मला तो वेळ अजून आठवतो. बाहेर कुठंतरी शेळी ओरडत होती, पंखा फिरत होता, आणि एकेक अक्षर पडद्यावर येत होतं.

“घाला. कैलास अर्धा राहिलाय.”

दादा एवढंच म्हणाले, बरं. मग ओट्यावर जाऊन डोंगराकडं तोंड करून बराच वेळ बसले.

मी सामान आवरलं, पण तसंच निघून जाववेना. मी भाऊंना सगळं सांगितलं. दोन व्यवस्था असतात, मी कोणती चालू आहे ते बघितलं नाही, फोनवरही माझ्या लक्षात आलं नाही, चूक माझी. एखाद्या मुलानं वर्गात उभं राहून सांगावं तसं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, असू द्या ताई. आपल्याकडं तसंच म्हणायची रीत आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं वळले.

“मला उठवायचं होतं.”

मी म्हटलं, हो.

नळी बसली. त्या लॅपटॉपमध्ये जुनी व्यवस्था मी सेटिंगच्या फाईलमध्ये लिहून कायमची करून टाकली, आणि आता तो नवा करत नाही. हल्लीच्या आवृत्त्यांमधून जुनी व्यवस्था काढून टाकायला सुरुवात झाली आहे. नव्या व्यवस्थेसाठी मानेनं बाण हलवणारे प्रोग्राम लोक लिहीत आहेत. मी ते घरी दुसऱ्या मशीनवर बसवून स्वतः मान हलवून बघत असते. शेजारची बाई एकदा खिडकीतून म्हणाली, ताई, मान अवघडली का. आणि कुणाच्याही घरी गेले तरी आता ज्याचं मशीन त्यालाच समोर बसवते, तो झोपला असला तरी उठवते. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

कैलास पुरा व्हायला दहा महिने लागले. तो लिहून झाला तेव्हा भाऊंनी एक मागणी केली. तिथं जाऊन एकदा सांगायचंय.

मग एका सकाळी आम्ही निघालो. चाकाची खुर्ची, तिला बांधलेला लॅपटॉप, एक छोटा स्पीकर. दोन ठिकाणी रंगनाथदादांनी आणि तिथल्या एका जुन्या गाईडनं खुर्ची उचलून घेतली. मी इतक्या जवळ राहून शाळेच्या सहलीनंतर तिथं पाऊल टाकलं नव्हतं. दगडाच्या त्या अंगणात उतरल्यावर बाहेरचे आवाज एकदम विरळ झाले. वर आभाळाचा निळा तुकडा, चहूबाजूंनी उभे कातळ, आणि दगडानं रात्रीचा गारवा अजून धरलेला. भाऊंना आम्ही सावलीत ठेवलं. मी ती ओळ लिहून उत्तर वाचून घेतलं आणि मागं सरले.

यांत्रिक आवाजानं सांगायला सुरुवात केली. आवाज सपाट, पण मधली थांबायची ठिकाणं भाऊंची होती, ती त्यांनी लिहितानाच घातली होती. आधी एक कुटुंब थांबलं, मग जळगावकडची दोन जोडपी, मग अजून काही माणसं. स्पीकर लहान होता, त्यामुळं लोक जवळ जवळ सरकत आले. वहिनी खाली पायरीवर बसून पहिल्यांदाच नवऱ्याचं काम बघत होत्या.

सांगून झाल्यावर हिरव्या साडीतल्या एका बाईंनी विचारलं, वरून खाली कोरताना कुणाचा घाव चुकला तर काय करत असतील, तुटलेला दगड तर परत लावता येत नाही.

याचं उत्तर लिहून ठेवलेलं नव्हतं. मी पुढं होऊन सांगितलं, थोडं थांबावं लागेल, ते लिहितील. लोक थांबले. एका माणसानं फोन खिशात ठेवला. पोपटांचा एक थवा वरून ओरडत गेला. बाण अक्षरांवरून सावकाश फिरत होता, आणि काही जण वाकून तो कुठं जातोय ते बघत होते. दहा-बारा मिनिटं तरी गेली असतील.

“चुकलेच असतील. तिथं पुढं दुसरं काही कोरलं. मला दोन जागा माहीत आहेत.”

बाई म्हणाल्या, “कुठं आहेत?”

कोळपेभाऊंनी मान जराशी वळवली आणि बाण पुन्हा पहिल्या अक्षराकडं निघाला. कुणीही जागचं हललं नाही.